बसची पाटी वाचता आली का? साक्षरता वर्गातून शिकणाऱ्यांना काय मिळालं, ते मोजण्याची रीत

उत्तर नागपुरातल्या एका विहारात आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोघीजणींनी मला बुचकळ्यात टाकलं. एक काकू सरकारी साक्षरता चाचणीत पास झाल्या, प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढला आणि पुढच्याच आठवड्यात बँकेत अंगठा देऊन आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं, मग मी कायले बोलू?" दुसऱ्या एक मावशी संख्याज्ञानात नापास. पण बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढचा एक हप्ता मांडायचा राहिलाय, हे त्यांनीच पकडलं. वही गटासमोर ठेवली आणि दुरुस्त करून घेतली. आमच्या अहवालात मात्र काकू 'उत्तीर्ण' आणि मावशी 'अनुत्तीर्ण'.

अहवाल खोटा नव्हता. तो एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. वर्गातून बाईच्या पदरात काय पडलं हे कळायला मोजमापाची वेगळी मांडणी लागते. दोन-तीन वर्षं चुका करत आम्ही ती बसवली. स्वयंसेवक, बचत गटाच्या ताई, समाजकार्याचे विद्यार्थी, ज्याला वर्ग चालवायचा आहे त्याला उपयोगी पडावी म्हणून इथे मांडते.

आधी सरकारी चाचणी समजून घ्या

उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि १५ वर्षं आणि त्यावरच्या असाक्षरांसाठी आहे. त्याची पायाभूत चाचणी १५० गुणांची असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की उत्तीर्ण. महाराष्ट्रात ही चाचणी पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. ती जरूर द्यायला लावा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद मिळणं ही लहान गोष्ट नाही. साठी उलटलेल्या आजी परीक्षेला म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून येतात, ते पाहिल्यावर परीक्षेला नावं ठेवायची माझी तरी हिंमत होत नाही.

पण ५० पैकी २२ गुण मिळालेली बाई कुठून निघाली होती, हे त्या आकड्यात दिसत नाही. तिसरीपर्यंत शाळा झालेली आणि हातात कधीच पाटी न धरलेली, दोघींनाही २२ पडू शकतात.

जनगणनेचा निकष याहून ढोबळ आहे: सात वर्षं आणि त्यावरील वय, आणि कोणतीही एक भाषा समजून वाचता-लिहिता येणं. त्या निकषाने २०११ मध्ये नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती. आकडा ऐकायला छान आहे. उरलेले लोक मात्र सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बायका, इमारतीच्या कामावरचे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, घरकाम करणाऱ्या, असे ते ठरावीक वस्त्यांत एकवटलेले असतात. यातल्या प्रत्येकाची गरज वेगळी असते.

जुन्या राष्ट्रीय साक्षरता मिशनचे (स्थापना १९८८) निकष मला आजही जास्त कामाचे वाटतात, कारण त्यात वेग धरलेला होता: मोठ्याने वाचन मिनिटाला ३० शब्द, मनात वाचन ३५, पाहून लिहिणं मिनिटाला ७ शब्द, ऐकून लिहिणं ५. वेग का महत्त्वाचा? एकेक अक्षर चाचपत वाचणाऱ्या माणसाला वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात आठवत नाही. त्याला 'वाचता येतं', पण बस निघून जाते.

पहिली पायरी: ती का आली, हे पहिल्या धड्याच्या आधी विचारा

इथे बहुतेक वर्ग घसरतात, आम्हीही घसरलो. "तुम्हाला काय शिकायचंय?" असं विचारलं की "लिहा-वाचायला" हेच उत्तर येतं. बिचारी दुसरं काय सांगणार! प्रश्न फिरवून विचारा: "गेल्या महिनाभरात कोणत्या कामासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागलं?" मग थांबा. गप्प राहा. उत्तरं आपोआप येतात.

आमच्याकडे आलेली काही: 'आपली बस' या शहरबसची पाटी. मेडिकल रुग्णालयातल्या ओपीडीच्या चिठ्ठीवर कोणत्या खोलीत जायचं ते. पासबुकात पैसे जमा झाले की नाही. महावितरणचं बिल किती आणि शेवटची तारीख कोणती. मोबाईलमध्ये पोरीचा नंबर नावाने शोधणं. सीताबर्डी स्टेशनवर मेट्रो बदलताना योग्य फलाटावर जाणं. वंदनेची पुस्तिका सगळ्यांबरोबर पाहून म्हणणं. पाठ तर होतीच, पण "पान उघडून बसायचं हाय" म्हणाल्या. आणि एका आजीचं, जे मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय: "माह्या नातवाच्या डायरीत मॅडमनं काय लिवलं, ते सून आल्यावरच कळते. मले आधी कळलं पाहिजे."

ही माणसं काही काम असल्याशिवाय शिकत नाहीत, हे नीट ध्यानात ठेवा. शेजारच्या कामठीचंच पाहा ना. बाबू हरदास एल. एन. यांनी तिथे बिडी कामगारांची संघटना बांधली आणि रात्रशाळाही चालवली. बिडीची मजुरी हजारावर मिळते. मोजणी आणि हिशेब ज्याच्या हातात, जोर त्याचा. शिक्षण आणि रोजची गरज यांची गाठ तेव्हाही अशीच होती.

प्रत्येकीसाठी एक जाड कार्ड करा. त्यावर तिची तीन कामं, तिच्याच शब्दांत. तिला अजून वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कामापुढे छोटं चित्र काढा: बस, पासबुक, डायरी. कार्ड तिच्याकडे राहू द्या, तुमच्या वहीत नक्कल ठेवा. तीनच कामं का? आम्ही आधी दहा लिहून घेतली होती. दहा कामं वर्षाच्या शेवटी कोणालाच आठवत नाहीत, मोजायलाही वेळ पुरत नाही.

दुसरी पायरी: सुरुवातीची नोंद, आणि तिच्यातले तीन खड्डे

सुरुवात कुठून झाली ते लिहिलं नसेल तर शेवटी काहीही मोजता येत नाही. प्रत्येकीला साधारण २५ मिनिटं द्या. वेगळं बसवा, इतरांसमोर नको. 'परीक्षा' हा शब्द उच्चारू नका. 'तुम्हाला काय-काय येतं ते पाहू' म्हणा.

नोंदीचे दोन भाग करा. एक सगळ्यांना समान: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मोठा मजकूर, अशी चढती शिडी. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात मुलांसाठी अशीच शिडी वापरतात, ती रीत घ्यायला हरकत नाही. मजकूर मात्र बदला. पन्नाशीच्या बाईपुढे ससा-कासवाची गोष्ट ठेवली की ती हसते आणि मनातून उठून जाते. रेशन, पाऊस, बाजार, लग्न, असे विषय घ्या. दुसरा भाग म्हणजे तिच्या कार्डावरची तीन कामं खरोखर करून पाहणं: खरं पासबुक, खरं बिल.

आता खड्डे.

पहिला, तोंडी हिशेबाचा. कॉटन मार्केटातून भाजी आणून दारोदार विकणाऱ्या एका मावशीला मी कागदावर गुणाकार घातला. शून्य. नंतर सहज म्हटलं, "पावणेदोन किलो वांगे, चाळीसनं?" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "सत्तर!" कागदावरचा शून्यच नोंदवला असता, तर वर्षाने मी मोठ्या अभिमानाने लिहिलं असतं की वर्गामुळे मावशी हिशेब शिकल्या. म्हणून संख्येची प्रत्येक गोष्ट दोनदा तपासा, एकदा तोंडी आणि एकदा लेखी. वर्गाने दिलं असेल ते फक्त दुसऱ्या रकान्यात.

दुसरा, चष्म्याचा. चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर दिसायला लागतं. सुईत दोरा ओवायला सांगा. हात लांब करून ओवत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. आमच्याकडे एका काकूंनी दोन महिन्यांत एकदम उडी मारली, आम्ही खूश. मग कळलं, मधल्या काळात मुलाने चष्मा करून दिला होता. त्यांना अक्षरओळख लहानपणापासून होती. चष्म्याचं श्रेय वर्गाच्या नावावर चढवू नका.

तिसरा, आकड्यांच्या लिपीचा. आपण मराठी अंक शिकवतो आणि पासबुक, मोबाईल, एटीएम सगळीकडे इंग्रजी अंक. मराठी पाच लिहिणारी बाई फोनवरच्या पाचाला ओळखत नाही. अंकांची तपासणी दोन्ही लिप्यांत करा. उलट एक फायदा फुकटात मिळतो, तोही लिहून ठेवा: देवनागरी शिकली की हिंदी पाट्याही वाचता येतात. नागपुरात हिंदी पाट्याही बऱ्याच दिसतात. कोणत्याच चाचणीत हा फायदा धरत नाहीत.

आणखी एक. काही जणी तिसरी-चौथी शिकलेल्या असतात आणि लपवतात, कारण 'असाक्षर' म्हणून नाव घातलेलं असतं. रागावू नका, नोंद मात्र खरी करा.

तिसरी पायरी: आलं-नाही आलं याऐवजी पाच घरं

'येतं' आणि 'येत नाही' या दोन घरांत खरं आयुष्य मावत नाही. आम्ही प्रत्येक कामाला शून्य ते चार असे अंक देतो. बँकेतून पैसे काढण्याचं उदाहरण घेऊन सांगते.

० म्हणजे काम दुसऱ्याने केलं, ही घरीच होती. १ म्हणजे ही सोबत गेली, पण स्लिप दुसऱ्याने भरली आणि हिने अंगठा दिला. २ म्हणजे एकटी गेली, रक्कम आणि सही स्वतः केली, बाकीचं विचारून लिहिलं. ३ म्हणजे सगळं स्वतः केलं आणि पैसे मोजून पासबुकाशी ताळा घेतला. ४ म्हणजे दुसऱ्या बाईला स्लिप भरून दिली किंवा शिकवली.

या मापाने सुरुवातीच्या त्या काकू १ वरच होत्या, प्रमाणपत्र असून. त्यांचं अडलं होतं ते अक्षरापाशी नाही, काउंटरपाशी. तिथे उभं राहून "मी सही करते" म्हणायचा सराव आम्ही कधी घेतलाच नव्हता. पुढच्या तुकडीत घेतला. विहारात टेबल मांडलं, एक पोरगा बँकवाला झाला, मुद्दाम वैतागून बोलायचा. बायकांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका.

अंक देणारी व्यक्ती वर्ग शिकवणारी नसावी. आपण शिकवलेल्या बाईला आपण दोनच्या जागी तीन देतो, नकळत. शेजारच्या वर्गाच्या स्वयंसेवकाला बोलवा, तुम्ही त्याच्या वर्गात जा. सुरुवातीला दोघांनी मिळून त्याच पाच जणींना वेगवेगळे अंक देऊन पाहा. कुठे एका घराहून जास्त फरक पडला, तर घराची व्याख्या ढिली आहे असं समजा आणि ती पुन्हा लिहा.

चौथी पायरी: हजेरी तासांत, आणि गैरहजेरीचं कारण

'८० टक्के उपस्थिती' हे वाक्य मला आता आवडत नाही. अर्धा तास उशिरा येऊन पंधरा मिनिटं आधी जाणारीही हजर असते. तास लिहा. आणि आली नाही तर का, ते एका शब्दात: लग्न, आजार, पाणी, पाहुणे, काम, नवरा.

वर्षभराची अशी नोंद पाहिली की हंगाम दिसायला लागतात. जुलैत रोवणीसाठी भंडारा-गोंदियाकडे गावी गेलेल्या बायका ऑगस्टशिवाय परतत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं, तेव्हा पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी सहालाही बसवत नाही. वर्ग सकाळी घ्यावा लागतो. तेव्हा पुढे प्रगती मंदावलेली दिसली, तर बाईला दोष देण्याआधी हे पान उघडा.

इथेच तिचा खर्चही मांडा. समजा वर्ग ९० दिवस, रोज दीड तास. म्हणजे १३५ तास. त्या वेळात तिला तासाला ३० रुपयांचं काम मिळालं असतं, तर तिने ४,०५० रुपये सोडले. पुस्तकं, खडू, दिवाबत्ती यांवर आमचा माणशी खर्च याच्या आसपासही जात नाही. सगळ्यात जास्त भांडवल घातलंय ते शिकणारीने, आणि परतावा मात्र आपण देणगीदाराला सांगत बसतो.

सोडून गेलेल्यांचं काय?

हा भाग जरा ताणून लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त खोटेपणा होतो, तोही कोणी मुद्दाम न करता.

समजा २० जणींनी सुरुवात केली आणि शेवटी १२ राहिल्या. या १२ जणींची सरासरी काढली की आकडा झकास येतो. का नाही येणार? ज्यांचं जमत नव्हतं त्या आधीच निघून गेल्या. अहवालात नेहमी २० हाच आधार धरा: '२० पैकी १२ शेवटपर्यंत राहिल्या, त्यातल्या ९ जणींनी स्वतः निवडलेलं किमान एक काम एकटीने केलं.' आणि उरलेल्या आठ जणींकडे जा. फोन नाही, घरी जा. चहा घ्या.

आमच्या अशा फेऱ्यांत कळलेल्या गोष्टी: एकीचं बाळंतपण, एकीला रात्रपाळीचं काम लागलं, एकीला वर्गातल्या कोणाच्या हसण्याचा राग आला होता (ती चूक आमची). आणि एक ताई म्हणाल्या, "मले सही पायजे होती. आली. आता कायले येऊ?" मी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'गळती' लिहिलं होतं. ते खोडून 'काम झालं' लिहिलं. ज्याला आपण अपयशात धरतो त्यात पुरं झालेलं यशही असतं, आणि ते फक्त दारात जाऊनच कळतं.

पाचवी पायरी: न दिसणारं मोजताना

आत्मविश्वास, घरातला मान, बोलण्याची हिंमत. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मोजायला सर्वांत फसव्या. "आत्मविश्वास वाढला का हो?" असं विचारा, वीसच्या वीस जणी "हो ना मॅडम, बहुत वाढला" म्हणतील. तुम्ही रोज येऊन शिकवता, तुम्हाला नाही कोण म्हणेल?

भावना विचारू नका, घटना विचारा. मागच्या पालकसभेला कोण गेलं होतं? तिथे तुम्ही काही बोललात का, काय बोललात? घरात बिल आलं तर आता ते आधी कोणाच्या हातात जातं? शेवटचा कागद कोणता, ज्यावर तुम्ही सही करायला नकार दिला? हा शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे. वाचता आलं म्हणजे 'नाही' म्हणता येतं का, ते त्यात दिसतं.

याच कामासाठी एक चांगली पद्धत आहे. रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामविकास संस्थेबरोबर ती घडवली: 'सर्वांत महत्त्वाचा बदल'. शिकणाऱ्यांना एकच विचारायचं: गेल्या सहा महिन्यांत तुमच्या आयुष्यात सगळ्यात मोठा बदल कोणता झाला आणि तो मोठा का वाटतो? सगळ्यांच्या गोष्टी जमवायच्या, मग गटाने बसून त्यातली एक निवडायची. मूळ पद्धतीत निवड संस्थेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर होत जाते. आम्ही मात्र पहिली निवड बायकांकडेच ठेवतो. मला वाटलं होतं, बँकेची गोष्ट पहिली येईल. त्यांनी निवडली ती वेगळीच: एक बाई मेयो रुग्णालयात नवऱ्याला घेऊन गेली आणि खोली कुठे, हे कोणाला न विचारता तिने पाट्या वाचत त्याला तिथवर नेलं. कारण काय दिलं? "तो माह्या मागं मागं चालला." पंधरा मिनिटं हसत होत्या सगळ्या. निवडीमागचं हे कारण लिहून ठेवा, गोष्टीपेक्षा ते जास्त सांगतं.

आणि त्रासही विचारा. "या वर्गामुळे घरात काही वाईट झालं का?" हा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये नसतो. आमच्याकडे एकीला कर्जाच्या कार्डावरचे उरलेले हप्ते वाचता आले आणि नवऱ्याने सांगितल्यापेक्षा ते बरेच जास्त निघाले. रात्रभर घरात भांडण. हा फायदा की तोटा? मी दोन्ही रकान्यांत लिहिला. त्या स्वतः म्हणाल्या, "डोकं दुखलं, पण माहीत तर झालं."

सहावी पायरी: हे वर्गामुळेच झालं का?

बाई बसने एकटी जायला लागली. वर्गामुळे? की नातीने मोबाईलवर रस्ता दाखवला म्हणून? की तिकीट स्वस्त झालं म्हणून? छोट्या वर्गात याचं पक्कं उत्तर मिळत नाही, पण अंदाज बांधायला दोन साध्या युक्त्या आहेत.

एक, दहा चिंचोके. बाईसमोर चार वाट्या ठेवा: वर्ग, घरचे, मोबाईल, माझी मी. तिला म्हणा, हा बदल कोणामुळे किती झाला त्याप्रमाणे चिंचोके वाटा. लिहिता येत नसलं तरी हे करता येतं, आणि वाटताना ती जे बोलते ते सोन्यासारखं असतं. आमच्या वाटीत कधी चार पडतात, कधी सहा. एकदा एकच पडला होता.

दोन, थांबलेल्यांशी तुलना. जागेअभावी पुढच्या तुकडीसाठी नावं घेऊन ठेवली असतील तर त्यांचीही सुरुवातीची नोंद आत्ताच करा. सहा महिन्यांनी त्या पुढच्या वर्गात येतील तेव्हा पुन्हा करा. वर्ग नसतानाही त्यांच्यात जेवढा बदल झाला, तेवढा तुमच्या आकड्यातून मनातल्या मनात वजा करा.

मोठ्या प्रमाणावर हेच काम संशोधकांनी कोणाला वर्ग मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवत केलं आहे. बिहार आणि राजस्थानात 'प्रथम'च्या आईंच्या साक्षरता वर्गांचा असा अभ्यास झाला. आयांच्या वाचनात आणि गणितात सुधारणा दिसली, पण मोठी नाही. मुलांच्या गणितातही थोडी. नायजर देशात प्रौढांच्या वर्गात साध्या मोबाईलचा वापर शिकवला, तिथे मोबाईलवाल्या वर्गांतल्या लोकांचे गुण नुसत्या वर्गांपेक्षा जास्त आले. दोन्हींतून मी घेतलेली गोष्ट एकच: बदल मध्यम असतो. तुमच्या अहवालात तो प्रचंड दिसत असेल तर मोजण्यात काहीतरी चुकलंय.

रुपयांत मांडायचं का?

देणगीदार विचारतात: शंभर रुपये घातले तर समाजाला किती परत मिळाले? यासाठी मोठमोठी सूत्रं आहेत. 'आत्मसन्माना'लाही त्यात किंमत लावतात. मी ते करत नाही. आजीने नातवाची डायरी वाचली त्याचे किती रुपये लावू?

हाताला लागणारी बचत मात्र जरूर मांडा. फॉर्म भरून देणाऱ्याला दर वेळी दिलेले पैसे, पाटी वाचता न आल्यामुळे बसऐवजी केलेला ऑटो, तारीख चुकल्यामुळे बिलावर लागलेला दंड. सुरुवातीच्या नोंदीत विचारा: गेल्या तीन महिन्यांत अशा गोष्टींवर किती गेले? शेवटी पुन्हा विचारा. पावती असेल तर पाहा, नसेल तर 'तिच्या सांगण्यावरून' असं लिहा. आकडा लहान येतो, पण कोणी उलटतपासणी घेतली तरी टिकतो.

नोंदी कोणाच्या?

संमती घ्या, आणि संमतीचा कागद वाचून दाखवा. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. पण कायदा नसता तरी कोणाच्या आधार कार्डाचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचं कारण नाही. उल्लासच्या ॲपवरची नोंदणी वेगळी, तुमची वही वेगळी. वहीत नाव न लिहिता क्रमांक घाला. सुरुवातीची संमती बहुतेक अंगठ्याने येते. शेवटच्या भेटीला त्याच कागदावर, अंगठ्याशेजारी सही घ्या. वेगळं मोजमाप करायची गरजच राहत नाही.

निकाल आधी शिकणारीला सांगा. तिचं कार्ड पुढे घ्या, तीन चित्रांसमोर आधीचा आणि आताचा अंक लिहा. कुठे शून्याचा शून्यच राहिला असेल तर तेही. आमच्याकडे एकीने स्वतःच अंक खोडून कमी केला: "तीन नाही मॅडम, पोरगा बाहेर उभा होता." संस्थेचा अहवाल यानंतर लिहा. एक पान पुरतं: किती आल्या, किती राहिल्या, कोणती कामं निवडली, त्यांत किती घरं पुढे गेल्या, काय जमलं नाही, कोणाला काय त्रास झाला.

एकूण वेळ किती लागतो? सुरुवातीला २५ मिनिटं, शेवटी २०, आणि सहा महिन्यांनी १५. माणशी एक तास. २० जणींच्या वर्गाला २० तास, म्हणजे दोन स्वयंसेवकांचे पाच-सहा शनिवार. घरभेटी वेगळ्या.

सहा महिन्यांनी पुन्हा

ही शेवटची पायरी सगळे टाळतात, कारण तोवर वर्ग बंद झालेला असतो, पैसे संपलेले असतात आणि निकाल बिघडायची भीती असते. पण नवं शिकलेलं वाचन हाताळलं नाही तर गंजतं.

वाचनाचा वेग मोजा, तितक्याच अवघड पण नव्या मजकुरावर. तीच तीन कामं पाहा. आम्ही पहिल्यांदा ही फेरी केली तेव्हा ज्यांच्या कार्डावर बँक किंवा मोबाईल होता त्या टिकल्या होत्या, काही पुढेही गेल्या होत्या, कारण ते काम दर महिन्याला पडतंच. ज्यांनी 'पेपर वाचायचा' लिहिलं होतं त्यांच्यातल्या बहुतेक तीनवरून एकवर आल्या होत्या. घरी पेपर येतच नव्हता. पुढच्या वर्षीपासून विहारात दर शनिवारी एक शिळा पेपर आणि चहा ठेवला. आता तिथे पाच-सात जणी जमतात, एक वाचते, बाकीच्या मध्येच तिला थांबवून वाद घालतात. काउंटरवर अंगठा देऊन आलेल्या काकू तिथे वाचायला असतात. त्यांच्या कार्डावर बँकेसमोर सध्या ३ आहे. मी ४ लिहायला गेले, तर म्हणाल्या, "थांबा ना मॅडम. सोमवारी शेजारणीले घेऊन चालली, मग लिवा."